ताटातले तांबे, तांब्यातले पाणी

दहा वर्षांचा तो मुलगा वडिलांच्या मागे उभा होता आणि आजी सगळ्यांच्या पुढे. बोलायचे काम आजीने स्वतःकडे घेतले होते. ‘‘बाई, पथ्य लई कडक पाळलंय बघा. आठ महिनं झालं, घरात शेंगदाणा आणला न्हाई. संक्रांतीला तिळाचा कण दिला न्हाई त्याला. दिवाळीत सगळी पोरं चॉकलेटं खात व्हती, ह्यो नुसता बघत बसला.’’

असे म्हणत तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपून ठेवलेला. वर आमच्या विभागाचा शिक्का आणि खाली माझी सही होती. त्यावर वर्ज्य पदार्थांची यादी होती, चाळीसएक नावांची.

मुलाचे वजन आठ महिन्यांत 3 किलोने घटले होते. डोळ्यांत पुन्हा पिवळी झाक होती, पावलांवर सूज होती. मी विचारले, ‘‘आणि गोळ्या?’’

वडील खाली बघत म्हणाले, ‘‘पाच महिन्यांपूर्वी थांबवल्या. घेतल्या की उलटी व्हायची. तालुक्याला मिळत नाहीत, आणि इथं यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते. पथ्य चालूच होतं ना, म्हटलं त्यानं भागेल.’’

मी तो कागद पुन्हा वाचला. चाळीस पदार्थ, आणि गोळीविषयी एकच ओळ, तीही सगळ्यात शेवटी. या घराने मी दिलेला कागद अक्षरशः पाळला होता. चूक कागदाची होती, म्हणजे माझी. आजचा लेख त्या चुकीतून आला आहे.

तांबे हवेच, पण मापात

या मुलाला विल्सन आजार आहे. सॅम्युअल अलेक्झांडर किनिअर विल्सन या मेंदूविकारतज्ज्ञाने 1912 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याचे नाव या आजाराला मिळाले. हा आजार जन्मजात आहे, आईवडिलांकडून येणारा आहे आणि मुळात तो शरीरातल्या तांब्याच्या हिशेबाचा आजार आहे.

तांबे हा शब्द ऐकला की आपल्याला हंडा किंवा विजेची तार आठवते. पण शरीरालाही तांबे लागते. रक्त तयार होण्यासाठी, हाडांसाठी, मज्जातंतूंसाठी त्याची गरज असते. ही गरज अगदी थोडी आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 0.9 मिलिग्रॅम, तर नऊ ते तेरा वर्षांच्या मुलाला सुमारे 0.7 मिलिग्रॅम पुरते. रोजच्या साध्या जेवणातून 1 ते 2 मिलिग्रॅम सहज पोटात जाते. म्हणजे गरजेपेक्षा थोडे जास्तच जाते आणि निरोगी शरीर हा जास्तीचा भाग बाहेर टाकते.

बाहेर टाकण्याचे काम यकृताचे. आतड्यातून आलेले तांबे यकृतात पोचते. तिथे लागेल तेवढे एका प्रथिनात बसवून रक्तात पाठवले जाते आणि उरलेले पित्तावाटे आतड्यात, तिथून शौचावाटे बाहेर. ही दोन्ही कामे करणारा एक वाहक असतो. तो कसा बनवायचा याची सूचना एटीपी7बी नावाच्या जनुकात असते. विल्सन आजारात ही सूचनाच बिघडलेली असते. हे जनुक 1993 मध्ये सापडले.

मी पालकांना मोरीचे उदाहरण देते. नळ चालू आहे आणि मोरीचे तोंड तुंबले आहे. पाणी आधी मोरीत साचते, मग घरात पसरते. तसेच तांबे आधी यकृतात साचते. यकृताची साठवण संपली की ते रक्तात उतरते आणि मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडात जाऊन बसते. पहिली काही वर्षे बाहेरून काहीच दिसत नाही. साधारण पाच वर्षांच्या पुढे यकृताची लक्षणे दिसू लागतात, आणि मेंदूची लक्षणे बहुधा किशोरवयात किंवा त्यानंतर.

पथ्याची जागा दुसरी

आता मोरीच्या उदाहरणातच पुढे जाऊ. मोरी तुंबलेली असताना नळ बारीक केला, तर पाणी साचायचा वेग कमी होईल. पण साचलेले पाणी उपसले जाणार नाही. नळ पूर्ण बंद करणे तर शक्यच नाही, कारण तांबे नाही असे जेवण नाही. भातात आहे, पोळीत आहे, डाळीत आहे. म्हणूनच केवळ पथ्याने विल्सन आजार आटोक्यात येत नाही. हे वाक्य मी त्या कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहायला हवे होते.

उपसण्याचे काम औषध करते. 1956 मध्ये जॉन वॉल्श या इंग्लिश डॉक्टरने पेनिसिलामाइन हे औषध या आजारात वापरता येते हे दाखवले. त्याआधी विल्सन आजार म्हणजे मृत्यूच होता. पेनिसिलामाइन तांब्याला पकडते आणि लघवीवाटे बाहेर नेते. मोरी तुंबली म्हणून भिंतीला दुसरे भोक पाडावे, तसे. ट्रायेंटिन हे औषधही याच पद्धतीने चालते. जस्ताचे काम वेगळे आहे. ते आतड्याच्या पेशींमध्ये एक प्रथिन वाढवते. हे प्रथिन अन्नातले तांबे धरून ठेवते. आतड्याच्या पेशी काही दिवसांनी झडतात आणि त्यांच्यासोबत ते तांबेही निघून जाते. म्हणजे जस्त नळाची तोटी आवळते, आणि हे काम पथ्यापेक्षा कितीतरी चांगले करते.

औषध आयुष्यभर घ्यायचे असते. मूल खेळते-बागडते झाले, कावीळ गेली, तरी घ्यायचे असते. गोळ्या बंद केल्यावर काही महिने सगळे ठीक दिसते आणि मग एकाएकी यकृत काम थांबवते, असे आम्ही पाहतो. अशा वेळी यकृत प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. आमचा हा मुलगा त्या टोकाच्या थोडा अलीकडे पोचला होता.

मग पथ्य किती?

पथ्य निरुपयोगी आहे असे मात्र नाही. उपचाराच्या पहिल्या वर्षात, साचलेले तांबे उपसले जात असताना, बाहेरून मोठी भर पडू नये. त्यासाठी चाळीस नावांची गरज नाही. पाच गट लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला गट कलेजीचा. प्राण्याच्या शरीरातही तांब्याचे कोठार यकृतच. शेळीमेंढीच्या 100 ग्रॅम कलेजीत 5 मिलिग्रॅमहून जास्त तांबे असू शकते. ‘रक्त कमी आहे, कलेजी खायला घाला’ हा सल्ला या मुलांसाठी घातक आहे.

दुसरा गट कवचाच्या मासळीचा. चिंबोऱ्या, कोळंबी, तिसऱ्या, कालवे, शेवंड. कोकणातल्या घरांना हे जड जाते. पण पापलेट, बांगडा, सुरमई, रावस चालतात.

तिसरा गट काजू, बदाम, अक्रोड, शेंगदाणे आणि तीळ यांचा. 100 ग्रॅम काजूत सुमारे 2 मिलिग्रॅम आणि शेंगदाण्यात सुमारे 1 मिलिग्रॅम तांबे असते. भाजीत पडलेले चमचाभर कूट हा चिंतेचा विषय नाही. पण शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, सुक्या मेव्याचा खुराक हा आहे. आपल्याकडे उपवासाच्या दिवशी कुटाची खिचडी, दाण्याची आमटी आणि वर शेंगदाण्याचा लाडू असतो. म्हणजे पोटात जास्त तांबे नेमके उपवासाला जाते. या मुलांनी उपवास करू नये, हे आजीलाच सांगावे लागते.

चौथा गट चॉकलेट आणि कोकोचा. दुधात घालायच्या चॉकलेटच्या पावडरीही त्यातच आल्या. पाचवा गट अळंबी आणि सोयाबीनच्या वड्यांचा.

बाकी ताट मोकळे आहे. एक पेला दुधात 0.1 मिलिग्रॅमहूनही कमी तांबे असते. दूध, दही, ताक, पनीर, अंडे, कोंबडीचे मांस, भात, ज्वारीची भाकरी, पोळी, बहुतेक भाज्या आणि फळे चालतात. डाळींमध्ये थोडे तांबे असते, पण वनस्पतीजन्य अन्नातले तांबे आतड्यात कमी शोषले जाते, आणि शाकाहारी घरात डाळ काढून घेतली तर प्रथिने आणायची कुठून? वाटीभर वरण रोज द्यावे.

आमच्या मुलाचे वजन घटले ते इथेच. यादीत कडधान्ये होती, म्हणून घराने डाळही बंद केली. पुढे कुणी सांगितले की काविळीत तेल-तूप नको, तेही गेले. शेवटी त्याच्या ताटात पातळ भात आणि उसाचा रस एवढेच उरले. आजारी यकृताला सावरायला प्रथिने आणि पुरेसे अन्न लागते. उपाशी ठेवून यकृत बरे होत नाही. पोटात पाणी झाले असेल किंवा सूज असेल तर मीठ कमी करावे लागते, लोणची-पापड टाळावेत. त्यापलीकडे काविळीच्या नावाखाली मुलाचे ताट रिकामे करू नये.

उलट टोकही आहे. तांब्याला इतके घाबरायचे की शरीराला लागते तेही मिळू द्यायचे नाही, असे झाले तर रक्तक्षय होतो आणि पांढऱ्या पेशी घटतात. दीर्घकाळ जास्त औषध घेतल्यावरही असे होऊ शकते. मेंकिस नावाचा एक दुर्मीळ जन्मजात आजार तर याच्या बरोबर उलटा आहे. त्यात आतड्यातून तांबे शरीरात शिरतच नाही आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणून ठरावीक काळाने लघवीतले तांबे, यकृताच्या चाचण्या आणि रक्ताची तपासणी करून औषधाचे माप ठरवावे लागते.

हंडा, बाटली आणि पुण्यातला धडा

जेवण झाले, आता पाणी. आजीला मी विचारले, ‘‘घरात पिण्याचं पाणी कशात भरता?’’ ती अभिमानाने म्हणाली, ‘‘तांब्याच्या हंड्यात. माझ्या सासूचा हंडा हाय. पोराला तर रोज सकाळी उठल्या उठल्या तांब्यातलं पाणी देते, पोट साफ राहतं म्हणून.’’ माझ्या चाळीस पदार्थांच्या यादीत पाण्याचे नाव नव्हते.

निरोगी माणसाने स्वच्छ घासलेल्या तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायले तर घाबरण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम ठेवली आहे. पण विल्सन आजाराच्या मुलासाठी गणित निराळे आहे. समजा, रात्रभर ठेवलेल्या पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम तांबे उतरले आणि मुलाने दिवसात दीड लिटर पाणी प्यायले, तर त्याच्या दिवसभराच्या गरजेइतके तांबे फक्त पाण्यातून गेले. म्हणून हंडा, तांब्या, अलीकडे फॅशनमध्ये आलेली तांब्याची बाटली आणि पाण्यात मुद्दाम तांबे सोडणारी शुद्धीकरण यंत्रे, यातले काहीही या मुलांसाठी नको. स्टीलची कळशी किंवा मातीचा माठ उत्तम. देवळातले पळीभर तीर्थ घेतले तर काही होत नाही. पण दही-मध घातलेले पंचामृत तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, ते कुणासाठीच बरे नाही. आंबट पदार्थ तांबे झपाट्याने विरघळवतात. कल्हई नसलेल्या भांड्यात चिंचेची आमटी करू नये, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकताही माहीत होते.

भांड्यांचा हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. मी वैद्यकीय शिक्षण घेत होते तेव्हा ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ हा आजार आम्हाला अभ्यासाला होता. एक-दोन वर्षांची बाळे, पोट फुगलेले, यकृत दगडासारखे कडक. त्यातली बहुतेक दगावत. त्यांच्या यकृतात प्रचंड तांबे सापडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या बाळांच्या आहाराचा शोध घेतला. बाळांना लवकर वरचे दूध सुरू केलेले असे आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, ठेवलेले असे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्यातले तांबे दुधात उतरे आणि तान्ह्या बाळाच्या यकृतात साचे. हा निष्कर्ष 1983 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे स्वयंपाकघरात स्टील आले आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आज माझ्या निवासी डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला आहे.

तो आजार विल्सनपेक्षा वेगळा. तिथे मुख्य दोष भांड्याचा होता, इथे जनुकाचा आहे. पण धडा दोन्हींचा एकच, यकृताला तांबे झेपण्याची एक मर्यादा असते. म्हणून परंपरेच्या नावाने तान्ह्या बाळाचे दूध कुणी पुन्हा पितळेच्या पातेल्यात तापवत असेल, तर कृपया थांबा.

आणखी एक सूचना. या मुलांना कोणतेही टॉनिक देण्याआधी बाटलीवरची घटकांची यादी वाचा. अनेक मल्टिव्हिटॅमिनमध्ये तांबे असते. ताम्रभस्म असलेले औषध तर अजिबात देऊ नका. काविळीवर म्हणून मिळणारी, घटक ठाऊक नसलेली पुडी देऊ नका.

घड्याळाचे पथ्य

या आजारात काय खावे याहून केव्हा खावे याला जास्त महत्त्व आहे. पेनिसिलामाइन रिकाम्या पोटी घ्यावे लागते, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. दूध, लोहाची गोळी किंवा जस्त त्याच वेळी घेतले तर औषध पोटातच अडकते आणि उपयोग होत नाही. त्याच्यासोबत ब6 जीवनसत्त्वाची गोळी द्यावी लागते. जस्तही जेवणापासून दूर घ्यायचे.

शाळकरी मुलाला हे जमवायचे कसे? आम्ही आता पालकांबरोबर बसून वेळा लिहून देतो. सकाळी उठल्यावर सहाला गोळी, सातला दूध आणि न्याहारी. दुपारी शाळेतून आल्यावर चारला खाणे, सहाला गोळी, साडेसातला जेवण. सुरुवातीला मळमळ होते. तेव्हा गोळी बंद न करता डॉक्टरांना विचारावे. मात्रा हळूहळू वाढवता येते, औषध बदलता येते. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप किंवा अंगावर पुरळ आले, तोंडावर सूज आली, हातांची थरथर वाढली किंवा बोलणे अडखळू लागले, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे.

घरातल्या इतर मुलांचे काय?

आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही जनुक सदोष आले तरच हा आजार होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. पण अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक असते. जगभरात साधारण 30 हजारांत एकाला हा आजार होतो असे मानले जाते. नात्यात लग्ने होतात तिथे शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडची रीत त्यात मोडते. यात कुणाच्या कुळाचा दोष काढायचा नाही, फक्त भावंडांची तपासणी करायची. रक्तातले सेरुलोप्लाझमिन, 24 तासांच्या लघवीतले तांबे, यकृताच्या चाचण्या आणि नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांची तपासणी, एवढ्यावर बहुतेकदा अंदाज येतो. शंका उरली तर जनुकीय चाचणी. बुबुळाच्या कडेला दिसणारे तपकिरी कडे ही या आजाराची प्रसिद्ध खूण आहे. मात्र लहान मुलांत ती नसली म्हणून आजार नाही असे समजू नये.

ज्या घरात हा आजार माहीत नाही, त्यांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाच वर्षांपुढच्या मुलाला पुन्हा पुन्हा कावीळ होणे, यकृत वाढणे, कारण न सापडणारा रक्तक्षय आणि सोबत कावीळ. किंवा हुशार मुलाचे अक्षर एकाएकी बिघडणे, लाळ गळणे, बोलणे अस्पष्ट होणे, वागणे बदलणे. अशा मुलाला ‘आळशी झालाय’ म्हणून रागवण्याआधी किंवा काविळीचा दोरा बांधण्याआधी ही तपासणी करून घ्या. वेळेत सापडलेल्या आणि नियमित औषध घेणाऱ्या मुलांचे आयुष्य इतरांसारखेच जाते. ती शिकतात, नोकरी करतात, संसार करतात.

नवा कागद

तो मुलगा आमच्याकडे तीन आठवडे होता. गोळी कमी मात्रेने पुन्हा सुरू केली, उलटी थांबली. ताटात वरण, अंडे, दही परत आले. सहा वर्षांच्या बहिणीची तपासणी केली, तेव्हा तिलाही आजार निघाला. तिला अजून एकही लक्षण नाही. तिचे औषध सुरू झाले आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोठी कमाई तीच आहे.

विभागातला जुना कागद मी बाद केला. नव्या कागदावर पहिली ओळ आहे, ‘गोळी एक दिवसही चुकवू नका. संपायच्या पंधरा दिवस आधी कळवा.’ त्याखाली आमच्या कक्षाचा फोन क्रमांक, मग गोळ्यांच्या वेळा, मग पाच गट आणि शेवटी पाण्याचे भांडे.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास ते सगळे तपासणीला आले. वर्षभर औषध नीट चालू होते, अहवाल चांगले होते. मुलाने दबक्या आवाजात विचारले, ‘‘मॅडम, एक तिळगूळ खाऊ?’’

मी म्हटले, ‘‘एक चालेल. पण आज गोळी घेतलीस का?’’

उत्तर आजीनेच दिले. ‘‘सहाच्या ठोक्याला घेतली, बाई. आन् हंड्यात आता झेंडू लावलाय.’’